चूल नसलेल्यांच्या पंगतीत

हे मनन भुकेल्या पोटी करायचं आहे. जीव कासावीस करणारी भूक नको. सकाळचं खाणं होऊन चार-पाच तास उलटलेत आणि जेवणाची वेळ जवळ आली आहे, एवढी पुरे. कुठेही बसा. पाठीवर सॅक असेल तर उतरवून भिंतीशी टेकवा. सॅक नसली तरी खांदे एकदा सैल सोडा. पुढची पंधरा-वीस मिनिटं आपल्याला एकाच वाडग्याजवळ बसायचं आहे आणि घाई अजिबात करायची नाही.

डोळ्यांसमोर एक गाव आणा. मलेशियाच्या वायव्य किनाऱ्यालगत पिनांग नावाचं बेट आहे आणि त्याच्या ईशान्य टोकाला जॉर्जटाउन. १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइटने ईस्ट इंडिया कंपनीसाठी वसवलेलं हे बंदर २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. गावाच्या जुन्या भागात खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी दुमजली घरं ओळीने उभी आहेत. चुलिया स्ट्रीट आणि लव्ह लेनवरच्या अशाच कित्येक घरांमध्ये आता हॉस्टेलं झाली आहेत. एका खोलीत सहा-आठ खाटा, एकीवर एक रचलेल्या, आणि खाटेचं रात्रीचं भाडं मुंबईतल्या बऱ्यापैकी हॉटेलातल्या दोघांच्या जेवणाइतकं. २०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडने आणि डिसेंबरात मलेशियाने भारतीयांसाठी व्हिसाची अट उठवली, तेव्हापासून या खाटांवर मराठी बोलणं कानावर पडण्याची शक्यता पुष्कळ वाढली आहे. पंचविशीतली मुलं-मुली, पाठीवर सात-आठ किलोंची सॅक, खिशात मोजके पैसे. त्यांच्यातलेच एक तुम्ही आहात असं समजा.

आज तुम्ही बसने एअर इतमला निघाला आहात. बसमध्ये सुटे पैसे नेमके द्यावे लागतात, चालक उरलेले परत देत नाही; म्हणून मुठीत नाणी घट्ट धरलेली आहेत. उतरल्यावर समोर टेकडी, तिच्यावर केक लोक सी हे विस्तीर्ण बौद्ध मंदिर, पायथ्याशी बाजार. भाजी, फळं, मासळी, ओला रस्ता. आणि मासळीच्या वासावर मात करून येणारा एक वेगळा वास: आंबट, तिखट, किंचित फुलासारखा. त्या वासाच्या मागे जा. एक मोठं पातेलं उकळतंय, समोर बाकडी आणि स्टुलं आहेत. बसा.

मोबाइल अजून बाहेर काढू नका. वाडगा समोर यायच्या आधी बघण्यासारखं खूप आहे आणि ते काही सेकंदांत घडून जातं.

पातेल्यामागे उभी असलेली बाई वाडग्यात तांदळाच्या जाडसर पांढऱ्या शेवया घेते. त्यांच्यावर पळीभर उकळतं कालवण ओतते. मग पळीनेच शेवया दाबून धरून वाडगा तिरपा करते आणि सगळं कालवण परत पातेल्यात निथळू देते. पुन्हा ओतते, पुन्हा निथळते. तिसऱ्यांदा. शेवया आतपर्यंत गरम व्हाव्यात आणि त्यांच्यातलं पाणी कालवणाच्या चवीत मिसळून निघून जावं, यासाठी हे चाललं आहे. मनगट वळतं, पण खांदा हलत नाही. तिची नजर वाडग्यावर नाही, पुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकावर आहे. हाताला नजरेची गरज उरलेली नाही. हे ओतणं आणि निथळणं नीट बघा. किती वेळा झालं ते मोजू नका, फक्त त्याची लय पकडा. श्वासही त्याच लयीत येऊ-जाऊ द्या.

वाडगा आला. याला आसाम लाक्सा म्हणतात. वर काकडीचे आणि अननसाचे लांब काप, लाल कांदा, पुदिना, ताजी मिरची. आल्याच्या कुळातल्या एका झाडाची गुलाबी कळी बारीक चिरून टाकली आहे. मघाचा फुलासारखा वास तिचा होता. स्थानिक लोक तिला बुंगा कांतान म्हणतात. कडेला चिनी पद्धतीचा खोलगट चमचा टेकवलेला आहे आणि चमच्यात काळी, दाट, गोडसर अशी कोळंबीची चटणी. ती वाडग्यात घालून दिलेली नाही, चमच्यातच ठेवली आहे. किती ढवळायची ते तुमच्यावर सोडलं आहे. आधी तिला बाजूला ठेवून नुसतं कालवण चाखा.

आंबट. जिभेच्या दोन्ही कडा आक्रसतात. त्यामागोमाग मासा.

हा मासा केंबुंग, म्हणजे आपल्या बांगड्याच्याच जातकुळीतला. उकडून, काटे काढून, हाताने कुस्करून कालवणात सोडलेला. आणि आंबटपणा आला आहे तो आसाम केपिंग नावाच्या वाळवलेल्या फोडींतून. ज्या झाडाच्या फळाच्या त्या फोडी, ते आणि आपलं कोकमाचं झाड वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात एकाच वंशातली भावंडं आहेत. कोकणात आमसूल वाळवतात, इथे आसाम केपिंग वाळवतात. तिथे बांगड्याच्या तिकल्यात आमसूल पडतं, इथे केंबुंगच्या कालवणात हे. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या माणसाला पहिल्या घोटालाच काहीतरी ओळखीचं लागतं, त्यामागे एवढं ठोस कारण आहे.

आता इथे थांबा. परक्या गावात ओळखीची चव लागली की मन लगेच सुखावतं आणि म्हणतं, अरे, हे तर आपल्याकडच्यासारखंच. ते म्हणू द्या, पण त्यावर शिक्कामोर्तब करू नका. आता चमच्यातली काळी चटणी थोडी ढवळा आणि पुन्हा एक घोट घ्या. गोड, आंबलेली, समुद्राच्या तळाशी नेणारी चव. कळीचा वास नाकात चढतो. अननस दाताखाली येतो. हे आपल्याकडे कुठेच नाही. मघाची ओळख खोटी नव्हती आणि हे परकेपणही खोटं नाही. दोन्ही एकाच घोटात आहेत; त्यांची भांडणं न लावता दोन्हींना जिभेवर राहू द्या. मला प्रवासाचं सगळ्यात मोठं सुख याच जागी वाटतं, आणि कमी पैशात फिरणाऱ्याला ते जास्त सहज मिळतं. महागड्या हॉटेलात पाहुण्याला बिचकायला लावेल असं काही ताटात येऊच देत नाहीत.

मिरचीही चाखा. ती मूळची अमेरिकेची. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि दुसऱ्याच वर्षी अफोन्सो द अल्बुकर्क गोव्याहून आरमार घेऊन निघाला आणि त्याने याच किनाऱ्यावर दक्षिणेला असलेलं मलाक्का जिंकलं. त्या व्यापारी वाटांनीच मिरची आशियाभर पसरली. जिभेला आत्ता जी आग जाणवते आहे, तिच्यामागे तोफाही आहेत. हे आठवावं आणि पुढचा घास घ्यावा.

अर्धा वाडगा संपला असेल. आता मननाचा मुख्य भाग.

एक प्रश्न मनात धरा: हे खाणं पहिल्यांदा कोणासाठी रांधलं गेलं?

उत्तर देण्याआधी बंदर आठवा. कंपनी सरकारने हिंदुस्थानातून बंदिवान आणून इथे रस्ते आणि इमारतींची कामं करून घेतली. दक्षिण चीनमधून मजूर आले, कथिलाच्या खाणींसाठी, गोदीसाठी, रिक्षा ओढण्यासाठी. तमिळ मुसलमान व्यापारी आणि हमाल आले. बहुतेक सगळे एकटे पुरुष. दुकानघरांच्या वरच्या मजल्यावर फळ्या ठोकून केलेल्या कोंदट खणांमध्ये पाळीपाळीने झोपणारे. त्यांच्याकडे बायको नव्हती, भांडी नव्हती, सरपण नव्हतं, चूल मांडायला जागा नव्हती. भूक मात्र होती, आणि ती दिवसभर ओझी वाहिलेल्या अंगाची होती. खांद्यावर कावड घेऊन तमिळ मुसलमान विक्रेते धक्क्यावर फिरत, एका टोपलीत भात, दुसरीत रस्सा. पिनांगची नासी कांदार तिथून आली. तव्यावर चरबीत परतलेल्या तांदळाच्या रुंद शेवया, शिंपल्या, मोड, हिरवी पात घातलेलं चार क्वे त्यौ हे असंच कष्टकऱ्यांचं, पोटाला धरून राहणारं खाणं. आज ज्यासाठी लोक विमानाने येतात ते पदार्थ ज्यांच्याकडे चूल नव्हती अशांच्या चुली म्हणून सुरू झाले.

हे वाक्य जरा वेळ तसंच राहू द्या. गिरणगावातली खानावळ ज्यांना माहीत आहे त्यांना ते पटकन भिडेल. गावाकडे बायका-मुलं ठेवून आलेला गिरणी कामगार एका खोलीत दहा-पंधरा जणांत राहायचा आणि दोन वेळचं जेवण कुणा बाईच्या हातचं, महिन्याच्या हिशेबावर जेवायचा. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी. शहर उभं करणाऱ्यांना जेवू घालणारे हात शहराच्या हिशेबवहीत कुठेच नोंदलेले नव्हते.

आता स्वतःकडे बघा. तुमच्याकडेही आज चूल नाही. हॉस्टेलच्या खाटेखाली सॅक आहे, वर पंखा आहे, भूक लागली की तुम्ही रस्त्यावर येता. त्या हमालाच्या स्टुलावर तुम्ही बसला आहात. पण त्याच्याकडे चूल नव्हती कारण त्याला ती मिळू शकत नव्हती. तुमच्याकडे ती नाही कारण तुम्ही महिनाभरासाठी ती मागे ठेवून आला आहात. परतीचं तिकीट तुमच्या मोबाइलमध्ये आहे. हा फरक अंगाला टोचला तर टोचू द्या. अपराधी वाटून घ्यायला सांगत नाही. अपराधी माणूस मान खाली घालून भराभर खातो आणि उठून जातो, त्याने कुणाचंच भलं होत नाही. मान वर ठेवा, शेजारी कोण बसलंय ते बघा.

शेजारी कदाचित शाळेच्या गणवेशातली मुलगी आहे. पलीकडे बाजारात भाजी विकणारी आजी, जिने आपलं दुकान दहा मिनिटांसाठी शेजारणीवर सोपवलं आहे. एक बांधकामावरचा मजूर, बांगलादेशी किंवा नेपाळी असेल, बुटांवर सिमेंट. या बाकड्यावर कुणी कुणाला तुम्ही कुठले असं विचारत नाही. जागा झाली की सरकून देतात.

आता खिशात हात घाला. वाडग्याचे सहा-सात रिंगिट. एका रिंगिटचे साधारण वीसेक रुपये धरले तर दीडशेच्या आत-बाहेर. नोट टेबलावर ठेवा आणि तिच्याकडे बघत राहा.

या नोटेत पहाटेच्या लिलावातला मासा आहे. काटे काढताना सुरकुतलेली, माशाचा वास न जाणारी बोटं आहेत. गॅसचा सिलिंडर आहे. जागेचं भाडं किंवा परवाना आहे. वाडगे धुणाऱ्या पोराची मजुरी आहे. पाऊस आला त्या दिवशीचं नुकसानही यातूनच भरून निघायचं आहे. हे सगळं वजा करून जे उरतं त्यावर एक घर चालतं. मननातला हा हिशेब कागदावर मांडायचा नाही, फक्त एकेक गोष्ट त्या नोटेवर ठेवत जायची. शेवटी नोट जड लागायला लागते. मग ती उचलून दोन्ही हातांनी द्या. इथल्या बऱ्याच भागांत असं देणं आदराचं मानतात.

कमी पैशात फिरणाऱ्यांमध्ये एक चढाओढ असते: आज दिवस कितीत काढला? मी चारशेत, मी तीनशेत. तरुण वयात ती समजण्यासारखी आहे, आणि पैसे पुरवून पुरवून जग बघण्याच्या जिद्दीचा मला मनापासून आदर आहे. पण जेवणाच्या बाबतीत ही चढाओढ सोडून द्यावी असं मला वाटतं. बाजारात टी-शर्टसाठी घासाघीस करा, टुकटुकवाल्याशी करा; शिजवलेल्या अन्नाशी करू नका. या बाकड्यावर शाळेची मुलगी आणि आजी जो दर देतात तोच दर आपल्याकडून घेतला जातोय, यापेक्षा मोठा मान परक्या माणसाला कोणता मिळणार?

वाडगा संपला. तोंडात आंबटपणा अजून आहे. तो असेपर्यंत मनाने थोडं उत्तरेला जाऊ.

बँकॉक. संध्याकाळचे सहा. कामावरून सुटलेली माणसं रस्त्याच्या कडेच्या गाडीपाशी थांबतात. या शहरातल्या भाड्याच्या कित्येक खोल्यांमध्ये स्वयंपाकघरच नसतं. एक खोली, एक न्हाणी, गॅलरीत कपडे. गाडीवाली, बहुधा ईशान्येकडच्या ईसान भागातून पोटासाठी आलेली, पारदर्शक पिशवीत पळीभर रस्सा ओतते. पिशवीचं तोंड धरून ती एक हलका झोका देते, आत हवा कोंडते, पिशवी टम्म फुगते. तोंडाला पीळ आणि त्यावर रबर, दोन-तीन वेढे, शेवटचा वेढा असा की बोटात अडकवायला कडी तयार व्हावी. डोळ्याची पापणी लवेपर्यंत हे होतं. आतल्या हवेमुळे बसच्या गर्दीतही पिशवी चेपत नाही. गिऱ्हाईक दोन बोटांत चार पिशव्या अडकवून घरी जातं: एकीत रस्सा, एकीत भात, एकीत पपईचं सोम ताम, एकीत कच्च्या भाज्या. त्या बोटांकडे बघा. एका घराचं रात्रीचं जेवण त्यांना लटकतं आहे. २०१७ मध्ये या शहराच्या प्रशासनाने पदपथांवरून विक्रेते हटवण्याची घोषणा केली तेव्हा जगभरात ओरड झाली ती मुख्यतः पर्यटकांच्या आवडीच्या जागांसाठी. याओवारात आणि खाओसान रोड या भागांना अभय मिळालंही. पण ऑफिसांच्या मागच्या गल्लीतली, कुणा परदेशी माणसाने कधी फोटो न काढलेली गाडी हलते, तेव्हा अशा खोल्यांत राहणाऱ्यांची चूल विझते. त्यासाठी कुणी ओरडत नाही.

शाकाहारी वाचक इथे अस्वस्थ होतील, आणि ते योग्यच आहे. या सगळ्या प्रदेशात माशाचं पाणी आणि कोळंबीची चटणी मिठासारखी वापरतात, त्यामुळे नुसतं मांस नको म्हणून भागत नाही. पण बँकॉकमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं असलेल्या गाड्या शोधा, त्या बौद्ध व्रतस्थांच्या खाण्याच्या. तिथे मांस, मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. पंढरीच्या माळकऱ्यालाही चालेल इतकं सोवळं. व्हिएतनाममध्ये अमावास्या-पौर्णिमेला कितीतरी लोक शाकाहार पाळतात आणि त्या दिवशी अशा गाड्यांपुढे गर्दी असते. तुमची अडचण त्यांना नवी नाही. नीट विचारलं तर हाताला धरून योग्य गाडीपाशी नेतील.

हनोई. पहाटे बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर, गुडघे छातीशी घेऊन. फो या शेवयांच्या रश्श्याच्या वाफेतून चक्रफुलाचा वास येतो. उत्तरेतल्या लांग सोन प्रांतात त्याची झाडं आहेत. मालवणी मसाल्याच्या डब्यात तेच असतं. फो बहुतेक ठिकाणी गोमांसाचा, पण कोंबडीचाही मिळतो. युद्धाच्या आणि टंचाईच्या वर्षांत सरकारी दुकानांतल्या फोमध्ये मांसाचा तुकडाही नसायचा. डोक्यावरून अमेरिकेची वैमानिक नसलेली टेहळणी विमानं जायची, म्हणून हनोईकरांनी त्या वाडग्याला वैमानिक नसलेला फो असं नाव दिलं. १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर खाजगी पातेली हळूहळू पुन्हा पदपथावर आली. आज ज्या स्टुलावर तुम्हाला जागा मिळते, तिथे एका पिढीला रिकामं पाणी पिऊन दिवस काढावे लागले. वाफ चेहऱ्यावर घ्या.

सिंगापूरने रस्त्यावरच्या विक्रेत्यांचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. १९६८-६९ मध्ये फेरीवाल्यांची नोंदणी केली, मग नव्या वसाहतींच्या शेजारी छप्पर, नळ, गटार असलेली हॉकर सेंटर बांधली आणि १९८६ पर्यंत रस्त्यावरच्या सगळ्यांना तिथे हलवलं. २०२० मध्ये ही हॉकर संस्कृती युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत गेली. अनेक प्रवाशांना ही सेंटर फार नीटनेटकी, काहीशी निर्जीव वाटतात. मला तसं वाटत नाही. विकणाऱ्याच्या हाताला वाहतं पाणी आणि डोक्यावर छप्पर मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि आपल्याला वातावरण हवं म्हणून दुसऱ्याने गटाराच्या काठावर उभं राहावं अशी अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकार नाही. काळजी आहे ती दुसरीच: त्या काउंटरांमागच्या माणसांचं वय साठीच्या आसपास पोचलं आहे आणि त्यांच्या मुलांनी शिकून दुसऱ्या वाटा धरल्या आहेत. मुलांनी तसं करावं म्हणूनच तर आईबापांनी इतकी वर्षं पळी हलवली.

पुन्हा पिनांगला या. संध्याकाळ झाली आहे. जुन्या पद्धतीच्या कॉफीच्या दुकानात बसा. इथला रिवाज असा: टेबलं आणि पेयं दुकानदाराची, खाण्याच्या गाड्या त्याच्या जागेत भाड्याने. म्हणून बसल्यावर एक कॉफी किंवा लिंबूपाणी मागवायचंच, आणि मग गाडीपाशी जाऊन आपलं टेबल दाखवून खाणं सांगायचं. चार क्वे त्यौवाला म्हातारा कोळशाच्या भट्टीपुढे उभा आहे. दहा जण खोळंबले आहेत, तरी एका वेळी एकच ताट परततो आहे. दोन ताटं एकदम टाकली तर तवा थंड होईल आणि शेवया भाजण्याऐवजी शिजतील. त्याच्याजवळ जाऊन किती वेळ लागेल असं विचारू नका. तुमच्या वाट्याची सहा-सात मिनिटं त्याला द्या आणि तो काय करतो ते बघत राहा.

या म्हाताऱ्यानंतर भट्टीपुढे कोण उभं राहील? हाही प्रश्न मनात धरा, आणि याचं उत्तर माझ्याकडून घेऊ नका. पिनांग सरकारने २०१६ पासून असा नियम केला की गाड्यांवरचे स्थानिक पदार्थ परदेशी कामगारांनी शिजवायचे नाहीत. चव आणि वारसा टिकावा म्हणून. त्यामागची कळकळ खरी आहे. म्हाताऱ्याचं मनगट दोन महिन्यांत कुणी उचलू शकत नाही. पण मघाचं बंदरही आठवा. हे पदार्थ ज्यांनी इथे आणले ते फुकियनचे, तेओच्यूचे, तमिळनाडूचे, सगळे परदेशी कामगारच होते. दुपारी तुमच्या शेजारी बसलेल्या, बुटांवर सिमेंट असलेल्या त्या मुलाने उद्या ही पळी हातात घेतली, वीस वर्षं घेतली, तर त्याच्या हाताखालचं ताट पिनांगचं नसेल का? मला वाटतं, असेल. इथल्या एखाद्या जुन्या माणसाला वाटेल, नसेल, आणि त्याचा या चवीवरचा हक्क माझ्यापेक्षा कितीतरी जुना आहे. म्हणून माझं मत मी हातात सैलच धरतो.

ताट आलं. त्यावर कोळशाचा वास आहे. आता मात्र विचार थांबवा आणि गरम आहे तोवर खा. ज्याने इतकं जपून परतलं त्याला तेच हवं आहे.

खाऊन झाल्यावर लगेच उठा. कुणीतरी जागेसाठी उभं आहे, आणि या दुकानात रेंगाळणं म्हणजे त्या म्हाताऱ्याची पुढची विक्री अडवणं. पण उद्या पुन्हा याच गाडीवर या. यादीतल्या दुसऱ्या दहा गाड्या राहून गेल्या तर राहू द्या. दुसऱ्यांदा गेल्यावर तो मान हलवतो, तिसऱ्यांदा तिखट किती ते विचारत नाही. पैसे कमी असले की गाव बदलण्याची घाई होते, पण खरं तर एका जागी मुक्काम वाढवणं प्रवासखर्चापेक्षा स्वस्त पडतं, आणि जिभेला एका हाताची सवय होते.

ज्या दिवशी निघाल त्या दिवशी फेरीने बटरवर्थला जा, तिथून आगगाडीने सरहद्दीवरच्या पादांग बेसारला, आणि पुढे थायलंडच्या हात याईला. तिथे कोंबडी तळून तिच्यावर कुरकुरीत तळलेला छोटा कांदा पसरतात आणि चिकट भाताबरोबर देतात. बँकॉकची रात्रीची आगगाडी सुटायला वेळ असेल तर गाडीवाल्यासमोर उभं राहूनच खा. नसेल तर बांधून घ्या, आणि डब्यात पुडी सोडताना समोरच्या बाकावरच्या माणसापुढे आधी धरा.